सर्व्हरचा पहारा : परवानगी हवी, पण नेमकी

इंदापूर तालुक्यातील वरकुटे येथील शेतकऱ्याला आज सातबारा उतारा संकेतस्थळावर पाहता येतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. सेवेचा सर्व्हर अडला, तर मुदत चुकते. त्याची सुरक्षा ढिली पडली, तर नागरिकांची माहिती धोक्यात येते. या दोहोंचा मेळ घालणे अगत्याचे आहे.

स्क्रिप्ट म्हणजे काय?

अर्जदाराने गट क्रमांक भरला, की वेब सर्व्हर एक छोटी आज्ञावली चालवितो. तीच स्क्रिप्ट. ती माहितीसाठ्यातून नोंद शोधून पान तयार करते. मात्र स्क्रिप्ट सदोष असेल, तर तिच्याच वाटेने परका इसमही सर्व्हरमध्ये शिरू शकतो.

दुहेरी पहारा

लिनक्स प्रणालीत फाइल वाचणे, लिहिणे व चालविणे यांची परवानगी मालक, गट व इतर यांना वेगवेगळी देता येते. त्याशिवाय अनेक सर्व्हरांवर एसई-लिनक्स हा दुसरा पहारा असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने तो २००० साली सर्वांसाठी खुला केला व २००३ मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. यात प्रत्येक फाइलला व चालू प्रक्रियेला एक खूण असते. कोणत्या खुणेच्या प्रक्रियेने कोणत्या फाइलला हात लावावा, हे धोरणात नमूद असते. नमूद नसेल ते वर्ज्य. म्हणूनच मालकाची परवानगी असूनही स्क्रिप्ट अडू शकते.

उपाय कोणता?

अशा वेळी संपूर्ण पहाराच बंद करण्याचा मोह होतो. तो टाळावा. प्रथम नकाराची नोंदवही, म्हणजेच ऑडिट लॉग, पाहावी. पुष्कळदा दोष खुणेचा असतो. खासगी फोल्डरमधून हलविलेली फाइल जुनीच खूण घेऊन येते. योग्य खूण धोरणात कायम नोंदवून ती फाइलला लावली, की काम होते. माहितीसाठा दुसऱ्या यंत्रावर असेल, तर तेवढ्याच जोडणीची कळ चालू करावी. लिहिण्याची मुभा केवळ अर्जासोबतची कागदपत्रे साठविण्याच्या फोल्डरला द्यावी. चाचणीपुरती केवळ नोंद घेणारी, न अडविणारी अवस्था ठेवता येते. परंतु चाचणी संपताच अंमलबजावणी पूर्ववत करणे आवश्यक आहे.

बारामती-इंदापूर परिसराला नीरा डावा कालवा परिचित आहे. एका शेतात पाणी पोहोचले नाही, म्हणून कोणी कालव्याचा भराव फोडीत नाही. चारीचे दार तपासतात. सर्व्हरच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो.

संगणकाचे काम करून घेताना पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : पहारा चालू आहे काय? कोणती परवानगी, कशासाठी दिली? आणि तिची लेखी नोंद दप्तरी आहे काय?