आधी डोळे आले, मग पाय गेले : कारण कसं ओळखावं?

श्रोतेहो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपण म्हणतो. ही गाठ नुसता योगायोग की कार्यकारण, हे ओळखायचं कसं?

१९७१ ची मुंबई घेऊ. डोळे येण्याची मोठी साथ होती. त्याच सुमारास मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांना काही प्रौढ रुग्ण दिसले. पाठीत-पायांत कळा, मग पाय लुळे. स्पर्श मात्र बहुधा कळत होता. म्हणजे बिघाड मुळात स्नायूंत नव्हता. त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी आणि मज्जामुळं दुखावली होती. चित्र पोलिओचं, पण पोलिओ सहसा लहान मुलांना होतो. विचारल्यावर कळलं, काही दिवस-आठवड्यांपूर्वी डोळे आले होते.

इथे आपण घाई करू नये. घरोघरी डोळे आलेल्या शहरात हात मोडलेल्या माणसाचेही डोळे आलेले असू शकतात!

१९७२ ला ‘लॅन्सेट’मध्ये हा संबंध मांडला गेला. पुढे रुग्णांच्या रक्तात आणि मणक्यातल्या पाण्यात साथीच्या विषाणूविरुद्ध, म्हणजे एन्टेरोव्हायरस ७० विरुद्ध, प्रतिपिंडं सापडली. १९८१ ला साथ परतली, तसे असे रुग्णही परतले. आपले नैयायिक याला अन्वय म्हणतात.

डोळे आलेल्या बहुतेकांचे पाय शाबूत राहिले, हेही खरं. त्यामुळे कारण खोटं ठरत नाही. ते एकटं पुरेसं नव्हतं, एवढंच.

म्हणून गंगाखेडच्या दवाखान्यातही आपण डॉक्टरांना ‘आधी हे झालं होतं’ असं जरूर सांगावं. ते कारण असेलच असं नाही; पण तपास तिथूनच सुरू होतो.