गुडूचीचे छायाचित्र : मापे आणि फाइलचा आकार

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाने गुडूची, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, आणि तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांत गल्लत न करण्याविषयी सावध केले होते. क्रिस्पाच्या खोडावर गाठींसारखे ठळक उंचवटे असतात. गुडूचीच्या खोडावर तसे नसतात. गडचिरोली-गोंदियाकडील माल नागपुरात मागविताना आधी मोबाईलवर छायाचित्र पाहिले जाते. त्यात हा भेद दिसेल का, हे समजण्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या ओळखणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट मापांची. डिजिटल छायाचित्र पिक्सेल नामक सूक्ष्म ठिपक्यांचे बनते. ४००० × ३००० मापाच्या चित्रात १ कोटी २० लाख ठिपके असतात. ८०० × ६०० च्या चित्रात केवळ ४ लाख ८० हजार, म्हणजे पंचविसावा हिस्सा. उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरल्यास पहिले चित्र सुमारे १३ इंच रुंद छापता येते, दुसरे पावणेतीन इंचांहून थोडे कमी.

दुसरी गोष्ट फाइलच्या आकाराची. प्रत्येक ठिपक्यास ३ बाइट धरल्यास पहिल्या चित्रास सुमारे ३६ मेगाबाइट जागा लागेल. जेपीईजी पद्धत ते संकोचून काही मेगाबाइटवर आणते. मापे तीच ठेवूनही संकोच वाढविता येतो. मात्र तेव्हा प्रथम बारीक तपशील लोपतात, आणि खोडावरील उंचवटे हा बारीक तपशीलच होय. चतुर्थांश आटविलेल्या काढ्यात पुन्हा पाणी घातले म्हणून उडून गेलेला सुगंध परत येत नाही. तसेच लहान केलेले चित्र संगणकावर मोठे केल्याने गेलेला तपशील परत येत नाही.

यास्तव आम्ही सुचवितो की, संग्राहकास खोडाचे छायाचित्र जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून घेण्यास सांगावे. व्हॉट्सॲपवर ते साध्या फोटोऐवजी 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावे, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी मिळते. एखाद्या अर्जासाठी फाइल लहान करावयाची असल्यास प्रथम अनावश्यक कडा कापाव्यात, नंतर मापे कमी करावीत आणि संकोच शेवटी वाढवावा. हे सर्व प्रतीवर करावे. मूळ फाइल जपून ठेवावी.

अर्थात, छायाचित्र हे केवळ प्राथमिक दर्शन होय. प्रत्यक्ष नमुन्याचे परीक्षण झाल्याविना द्रव्य निर्माणशाळेत घेऊ नये, अशी सर्व व्यवसायबंधूंना आमची विनंती आहे.