कस्टम्समध्ये सामान 'जाहीर करणे' म्हणजे काय?

परदेशी राहायला निघालेल्यांसाठी अनेक पुणेकर मार्केट यार्डच्या भुसार विभागातून मसाले, डाळी, गूळ आणतात. परदेशातल्या विमानतळावर त्याविषयी काय सांगायचे, याबद्दल मात्र गोंधळ असतो.

तिथे तपासण्या दोन. इमिग्रेशन (व्यक्तीच्या प्रवेशाची तपासणी) पासपोर्ट व व्हिसा पाहते. कस्टम्स (सीमाशुल्क विभाग) सामान पाहते. पहिल्या खिडकीवर शिक्का मिळाला, तरी सामानाची तपासणी उरतेच.

'खाद्यपदार्थ आहेत' असे सांगितले की दंड होतो, हा समज रूढ आहे. डिक्लेरेशन (सोबतच्या सामानाची घोषणा) म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. बाजार समितीच्या फाटकावर गाडीतल्या मालाची नोंद होते, तशीच ही नोंद. अमेरिका, ऑस्ट्रेलियात दंड होतो तो सहसा वस्तू लपवल्याबद्दल. जाहीर केलेली वस्तू चालत नसेल, तर बहुधा ती फक्त काढून घेतात.

सीलबंद पाकीट म्हणजे परवानगी, हेही खरे नाही. एखादी वस्तू त्या देशात विकली जाते, म्हणून ती बॅगेतूनही चालेल असे नाही. भारतीय आंबा 2007पासून अमेरिकेत जातो, पण विकिरण प्रक्रिया (किडींचा धोका घालवण्यासाठी किरणांचा मारा) करून, व्यापारी मार्गाने. प्रवाशाच्या बॅगेतला हापूस चालत नाही. काही वस्तूंवर बंदीच असते: संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. तिथे जाहीर करणे पुरेसे नाही. ती नेऊच नये.

म्हणून खरेदीआधी जिथे जायचे त्या देशाच्या सीमाशुल्क विभागाची यादी पाहावी आणि शंका असलेली वस्तू जाहीर करावी.