पिळाला साजेशी गोळी

१८५३ सालच्या एनफिल्ड रायफलीच्या नळीत खाचांचा एक पूर्ण वेढा ७८ इंचांत पडत असे. नळी होती ३९ इंचांची, म्हणजे तोंडातून बाहेर पडेपर्यंत गोळी स्वतःभोवती जेमतेम अर्धी फिरे. १८७१ च्या मार्टिनी-हेन्रीत तोच वेढा २२ इंचांवर आला आणि १८८८ पासूनच्या ब्रिटिश .३०३ रायफलींच्या घराण्यात, जिला आपण ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून ओळखतो, तो १० इंचांवर जाऊन स्थिरावला. पस्तीस-चाळीस वर्षांत पीळ जवळजवळ आठपट घट्ट झाला. बंदुकीच्या इतिहासात दारू, पल्ला, लढाया यांवर भरपूर लिहिले गेले आहे. या पिळाची गोष्ट मात्र कारागिरांपुरती राहिली, आणि माझ्या मते नेमाचे खरे मर्म तिच्यातच आहे.

पीळ घट्ट होत गेला तो गोळी बदलत गेली म्हणून. एनफिल्डची गोळी अर्ध्या इंचाहून जाड, बुटकी, शिशाची होती. थ्री नॉट थ्रीची गोळी सडपातळ आणि व्यासाच्या मानाने खूप लांब. लांब गोळी हवा सहज कापते, दूर जाते, वेग टिकवते. पण तिला सरळ ठेवणे अवघड. हवेचा दाब तिचे नाक वर ढकलून तिला आडवी पाडायला बघतो. वेगाने फिरणारा भोवरा जसा धक्का खाऊनही उभा राहतो, तशी ती फिरकीच्या जोरावरच नाक पुढे ठेवते. फिरकी कमी पडली की गोळी हवेत कोलांट्या खाते आणि कागदी लक्ष्यावर गोल भोकाऐवजी किल्लीच्या भोकासारखी लांबट फट पाडते.

जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने २० इंचांत एक वेढा असलेली षट्कोनी नळी बनवली आणि १८५७ च्या सरकारी चाचण्यांत ती एनफिल्डपेक्षा सरस ठरली. पुढे १८७९ साली वुलिचच्या लष्करी विद्यालयातले गणिताचे प्राध्यापक आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी हे सारे एका ओळीच्या सूत्रात बसवले. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, त्याला १५० ने गुणा, गोळीच्या लांबीने भागा. सगळी मापे इंचांत धरली की येणारे उत्तर म्हणजे एका वेढ्याला लागणारे इंच. सूत्र तोफांसाठी होते, पण आज दीडशे वर्षांनीही घरगुती हिशेबाला ते पुरते. त्यात गोळीचे वजन कुठेच येत नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. पीळ ठरतो तो लांबीवर. एकाच व्यासाच्या शिशाच्या दोन गोळ्यांत जड ती लांब, एवढ्यापुरताच वजनाचा संबंध. म्हणून तांब्याची हलकी गोळीसुद्धा लांब असेल तर घट्ट पीळ मागते.

या सूत्राची सर्वांत कसून परीक्षा घेतली ती अमेरिकेतल्या शेतांनी आणि कुरणांनी. तिथे ग्राउंडहॉग, प्रेअरी डॉग असे बिळे करून राहणारे प्राणी शेतकऱ्याला नकोसे. लक्ष्य लहान, अंतर दोनशे-तीनशे मीटर आणि त्याहूनही पुढे. त्यासाठी जी बारीक तोंडाची, प्रचंड वेगाची रायफल तयार झाली तिला तिकडे व्हार्मिंट रायफल म्हणतात. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या .२२ हॉर्नेटला १६ इंचांचा सैल पीळ मिळाला, कारण .२२ च्या साध्या रायफलींच्या नळ्या तशाच असत. १९३५ साली विंचेस्टरने .२२० स्विफ्ट आणली. ४८ ग्रेन, म्हणजे जेमतेम तीन ग्रॅमची गोळी आणि वेग सेकंदाला ४११० फूट. पीळ १४ इंचांचा. हिशेब केला तर ती गोळी मिनिटाला दोन लाखांहून अधिक वेळा फिरत होती. एवढ्या फिरकीत पातळ कवचाची गोळी हवेतच फुटू शकते. म्हणजे घट्ट पिळालाही किंमत आहे, आणि ‘जेवढा घट्ट तेवढा चांगला’ हा समज चुकीचा आहे.

तिकडचा शौकीन स्वतःची काडतुसे स्वतः भरतो. झाडलेली पुंगळी साफ करायची, साच्यातून मूळ मापावर आणायची, बुडात नवी टोपी बसवायची, दारू ग्रेनच्या दशांशापर्यंत तोलून घालायची, आणि शेवटी आपल्या पसंतीची गोळी ठरावीक खोलीवर दाबायची. दारू आणि खोली हाताने बदलता येते. पीळ मात्र नळी घडवताना एकदाच पडतो. तो आयुष्यभर तसाच राहतो. त्यामुळे हातभरणीतला पहिला प्रश्न दारूचा नसतो, आपली नळी किती लांबीची गोळी पेलते हा असतो.

हा प्रश्न दुर्लक्षिल्याची शिक्षा एका मोठ्या कंपनीला बाजाराने दिली. १९५५ साली एकाच व्यासाची दोन काडतुसे विक्रीला आली. विंचेस्टरच्या .२४३ ला पीळ होता १० इंचांचा, रेमिंग्टनच्या .२४४ ला १२ इंचांचा. रेमिंग्टनने व्हार्मिंटच्या हलक्या गोळ्या डोळ्यांपुढे ठेवल्या होत्या. विंचेस्टरची नळी मात्र १०० ग्रेनची हरणाच्या शिकारीची गोळीही सांभाळत होती. एका रायफलीत दोन्ही कामे होतात म्हटल्यावर ग्राहक तिकडे वळला. रेमिंग्टनने पीळ ९ इंचांवर आणला, १९६३ साली काडतुसाचे नावही बदलून ६ मिमी रेमिंग्टन केले, पण गेलेला बाजार परत आला नाही. पुंगळीत काही दोष नव्हता. दोन इंच पिळाने एका चांगल्या काडतुसाचे नशीब फिरवले.

लष्करालाही हे शिकावे लागले. व्हार्मिंटच्या काडतुसांतूनच जन्मलेल्या ५.५६ मिमी मापाच्या पहिल्या एआर-१५ रायफलींना १४ इंचांचा पीळ होता. उणे ५४ अंश सेल्सियसच्या चाचणीत दाट झालेल्या गार हवेने ५५ ग्रेनची गोळी डळमळवली आणि पीळ १२ इंचांवर आला. १९८० साली नाटोने पोलादी टोकाची, ६२ ग्रेनची, लांब गोळी स्वीकारली. ती १२ इंचांच्या नळीतून नीट जाईना. तिच्या जोडीची, माग दाखवणारी जळती गोळी आणखी लांब. शेवटी अमेरिकेने पीळ ७ इंचांवर नेला. वीस वर्षांत एकाच मापाच्या नळीचा पीळ दुप्पट झाला.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी संबंध वाटतो त्यापेक्षा जुना आहे. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथल्या पुंगळीच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरे देशभरच्या परवानाधारकांना पाठ आहेत. पुण्याच्याच पाषाण भागातल्या एआरडीई या संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात इन्सास रायफल आकाराला आली आणि तिची ५.५६ मिमीची काडतुसे जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात बनू लागली. गोळी आणि नळी यांचे लग्न लावण्याचे काम मराठी मुलखात झाले, पण ते सरकारी भिंतींच्या आत.

सामान्य माणसाला ते दार बंदच होते. इंग्रजांनी लष्करी मापाचे काडतूस हिंदी नागरिकाच्या हाती पडू नये म्हणून .३०३ ला मज्जाव केला आणि त्यातून .३१५ चे शिकारी काडतूस रुजले. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या शस्त्र कायद्याने दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना आवश्यक ठरवला; घरी बसून काडतूस भरणे त्यातच मोडते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकारीचा छंद संपवला, आणि ते योग्यच झाले. विदर्भात रानडुक्कर आणि रोही उभे पीक लोळवतात, हे दुःख खरे आहे. त्यासाठी कायद्यात वनखात्याच्या लेखी परवानगीची वाट आहे. पण त्या कामात अंतर थोडे आणि लक्ष्य मोठे असते. पिळाची बारीक परीक्षा तिथे होत नाही.

ती आपल्याकडे झाली नेमबाजीच्या मैदानावर. इथल्या अनेक मुलांचा रायफलीशी पहिला परिचय होतो तो एनसीसीत, ‘पॉइंट टू-टू’शी. हीच .२२ ऑलिंपिकच्या ५० मीटर प्रकारातही चालते. ४० ग्रेनची शिशाची गोळी, पीळ साधारण १६ इंचांचा. गोळीची लांबी ०.४६ इंच धरून ग्रीनहिलचे सूत्र लावले की उत्तर १६.४ येते, १८८७ पासून हे काडतूस आणि हा पीळ एकमेकांना धरून आहेत.

या काडतुसाचा स्फोटक लेप बुडाच्या कडेतच असतो, त्यामुळे ते पुन्हा भरता येत नाही. अमेरिकन शौकीन नळीसाठी काडतूस घडवतो; .२२ च्या नेमबाजाला ते नळीसाठी शोधावे लागते. एकाच कारखान्याचे, एकाच नावाचे, एकाच किमतीचे दोन लॉट एका नळीतून वेगवेगळे वागतात. लेप, दारू, कडेची जाडी, गोळीवरचे वंगण यांत केसाएवढा फरक असतो. इलीसारखी कंपनी म्हणूनच डब्यावर लॉटचा क्रमांक आणि मोजलेला वेग छापते. रायफल पकडीत घट्ट आवळून एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या ५० मीटरवर झाडायच्या आणि कुठला पुंजका सर्वांत लहान येतो ते पाहायचे, हीच ती परीक्षा. ५० मीटरवरच्या लक्ष्यात दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिमी असतो. नळीला न रुचणारा लॉट घेऊन उभ्या राहिलेल्या नेमबाजाचा हात कितीही स्थिर असो, पुंजक्याचा काही भाग त्या वर्तुळाबाहेर जाणारच. १० मीटर एअर रायफलमध्येही हेच. ४.४९, ४.५० की ४.५१ मिमी डोक्याचा छर्रा आपल्या नळीला मानवतो, हे झाडूनच कळते.

गेल्या पाव शतकात मराठी नेमबाजांनी या कसोटीवर जे मिळवले त्याचा मला मनापासून अभिमान आहे. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, २००४ साली अथेन्सला सुमा शिरूर. २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली आणि नेमबाजीतली भारताची पहिली महिला विश्वविजेती होण्याचा मान मिळवला. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील कुसाळे ऑलिंपिकच्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्यपदकाचा मानकरी झाला. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः अथेन्सच्या ऑलिंपियन. या गुणांमागे मन आणि शरीर आहे, तशीच नळीला साजेशी गोळीही आहे. अशा गुणसंख्या अंदाजाने उचललेल्या डब्यातून येत नाहीत.

पण ही परीक्षा महाग आहे. अनेक लॉट आणायचे, त्यातला एक निवडायचा आणि मग मोसमभर पुरेल एवढा तोच विकत घ्यायचा, हे गावातल्या होतकरू मुलीला परवडत नाही. तिला जो डबा मिळतो त्यावरच ती सराव करते आणि गुण घसरले की दोष स्वतःच्या हाताला देते. जिल्हा आणि राज्य संघटनांनी दारूगोळा वाटण्यापूर्वी निदान चार-पाच लॉट मागवावेत, एक पकड मैदानावर कायमची बसवावी, आणि प्रत्येक खेळाडूला स्वतःच्या रायफलीवर निवड करू द्यावी. प्रशिक्षकांनी प्रत्येक डब्याचा लॉट क्रमांक मुलांच्या वहीत गुणांशेजारी लिहायला लावावा. त्याला तर पैसेही लागत नाहीत.