सूर्याचे वादळ आणि रात्रीचा मेसेज

‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल बंद ठेवा, अंतराळातून घातक किरणे येणार आहेत.’ गेली कित्येक वर्षे हा मेसेज फिरतो आहे. आमच्या चांदूर बाजारातही तो वाचून वडीलधारी मंडळी घाबरतात आणि मुलांना फोन बंद करायला लावतात. पण ज्यांचे पेशंट अमरावतीला दवाखान्यात आहे, त्यांनी रात्रभर फोन बंद ठेवला तर? म्हणून यात खरे किती, ते पाहू या.

सूर्यावर स्फोट होतात, हे खरे आहे. त्यांची तीव्रता ए, बी, सी, एम आणि एक्स अशा चढत्या वर्गांत मोजतात. प्रत्येक वर्ग आधीच्याच्या दहापट. स्फोटाचे क्ष-किरण ८ मिनिटांत पृथ्वीपाशी येतात, पण फक्त जिथे दिवस असतो त्या बाजूला, आणि वातावरण त्यांना वरच अडवते. मध्यरात्री तर सूर्य आपल्या पायाखाली असतो!

कधी कधी सूर्यातून विद्युतभारित कणांचा लोटही निघतो. तो साधारण १ ते ३ दिवसांत येऊन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला हलवतो. याला चुंबकीय वादळ म्हणतात. त्याने उपग्रह, जीपीएस आणि मोठ्या वीजवाहिन्यांना त्रास होऊ शकतो. जमिनीवरच्या माणसाला मात्र त्याचा अपाय होत नाही, उशाशी ठेवलेल्या फोनमुळेही नाही.

या वादळांची नोंद आपल्याच राज्यात फार पूर्वीपासून होते. १८५९ च्या सप्टेंबरमधले प्रचंड वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने टिपले होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मोजमाप बिघडेल, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली. तिथे आजही रोज मोजणी चालते. आता आपले आदित्य-एल१ हे यानही पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवून आहे. त्यावरची ‘सूट’ दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने तयार केली आहे.

जगभरच्या वेधशाळांच्या नोंदींवरून दर ३ तासांनी ० ते ९ असा केपी अंक काढतात. ५ किंवा त्याहून जास्त असेल तर वादळ समजतात. पुढच्या ३ दिवसांचा अंदाजही रोज जाहीर होतो. मे २०२४ मध्ये हा अंक ९ वर गेला, तेव्हा लडाखच्या हानले येथे आकाश लाल दिसले आणि अमेरिकेत जीपीएसवर चालणारे पेरणीचे ट्रॅक्टर थांबले. आपल्याकडे मोबाइल नेहमीसारखे वाजत राहिले.

काही वाचक विचारतील, होकायंत्राची सुई हलली तर किब्ल्याची दिशा चुकेल का? नाही. आपल्या भागात मोठ्या वादळातही सुई एका अंशाहून कमीच सरकते. मोबाइलच्या लोखंडी कपाटाजवळ चुकणाऱ्या होकायंत्रापेक्षा ही चूक किती तरी लहान आहे.

तेव्हा असा मेसेज आला की तो कोणत्या संस्थेने दिला, त्यात तारीख कोणती, हे आधी पाहा. दोन्ही नसेल तर तो पुढे पाठवू नका. खबरीची शहानिशा करण्याची शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. आणि घरात आजारी माणूस असेल, तर रात्री फोन सुरूच ठेवा.