वैमानिककक्षातील पर्यायी संपर्कसाधन : हातातील रेडिओ संचाची निवड

प्रस्तावना :

विमान धावपट्टी सोडून आकाशात गेले की वैमानिकाचा भूमीशी असणारा संबंध प्रामुख्याने रेडिओ संचाच्या माध्यमातून टिकून राहतो. मोठ्या प्रवासी विमानांमध्ये असे दोन किंवा तीन संच बसविलेले असतात आणि त्यांना वीज पुरविणाऱ्या व्यवस्थाही एकाहून अधिक असतात. एक इंजिन असलेल्या लहान विमानांची स्थिती मात्र वेगळी आहे. अमेरिकेत प्रशिक्षणासाठी व खाजगी उड्डाणासाठी मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या सेस्ना १७२ सारख्या विमानात दोन रेडिओ संच असले तरी ते दोन्ही सामान्यतः एकाच अल्टरनेटरवर व एकाच मुख्य बॅटरीवर चालतात. त्यामुळे वीजपुरवठा खंडित झाल्यास दोन्ही संच एकाच वेळी निकामी होतात. अशा प्रसंगी उपयोगी पडावा म्हणून अनेक वैमानिक स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, हातात मावणारा रेडिओ संच सोबत ठेवतात. असा संच निवडताना कोणते निकष लावावेत आणि त्या निकषांमागील शास्त्रीय आधार कोणता, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. समस्येचे स्वरूप :

वीज गेली म्हणजे इंजिन बंद पडते, असा एक सर्वसाधारण समज आहे. पिस्टन इंजिनाच्या बहुतेक लहान विमानांमध्ये ठिणगी निर्माण करणारे मॅग्नेटो हे उपकरण विमानाच्या विद्युतव्यवस्थेपासून स्वतंत्र असते. त्यामुळे वीज गेल्यावरही इंजिन चालू राहते आणि विमान उडत राहते. बंद पडतात ते रेडिओ, विद्युत फ्लॅप, दिवे, काही दर्शक आणि ट्रान्सपाँडर.

यांपैकी ट्रान्सपाँडरचा मुद्दा विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. रेडिओ संपर्क तुटल्यास वैमानिकाने ट्रान्सपाँडरवर ७६०० हा संकेतांक लावावा, अशी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तो संकेतांक दिसताच नियंत्रकाला परिस्थितीची कल्पना येते. परंतु संपूर्ण वीजच गेली असेल तर हा संकेतही पाठविता येत नाही. म्हणजे ज्या प्रसंगी संपर्काची गरज सर्वाधिक असते, त्याच प्रसंगी आवाज आणि संकेत ही दोन्ही साधने नष्ट होतात.

अल्टरनेटर बंद पडल्यावर मुख्य बॅटरी काही काळ साथ देते. लहान विमानांच्या अमेरिकन प्रमाणन-नियमांत आवश्यक उपकरणांसाठी हा कालावधी किमान ३० मिनिटांचा अपेक्षिलेला होता. तथापि बॅटरी जुनी असेल किंवा बिघाड उशिरा लक्षात आला असेल, तर प्रत्यक्ष मिळणारा अवधी त्याहून कमी असू शकतो.

या प्रसंगासाठी नियमांत तरतूद नाही असे नव्हे. नियंत्रण मनोऱ्यातून दाखविल्या जाणाऱ्या प्रकाशसंकेतांत हवेतील विमानासाठी स्थिर हिरवा प्रकाश म्हणजे उतरण्यास परवानगी, स्थिर लाल म्हणजे इतर विमानांना वाट देऊन घिरट्या घालीत राहणे, तर उघडझाप करणारा लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित असल्याने न उतरणे, असे अर्थ ठरलेले आहेत. मात्र ही व्यवस्था उपयोगी पडण्यासाठी हवामान स्वच्छ हवे आणि मनोरा दृष्टीस पडायला हवा. ढगांत उपकरणांच्या आधारे उडणाऱ्या वैमानिकाला ती लाभत नाही. त्याच्यासाठी मार्ग व उंची यांविषयीचे वेगळे नियम असले, तरी ते पाळत असताना त्याच्या भोवतालचे आकाश मोकळे ठेवण्याचा भार नियंत्रकावर पडतो. हातातील संच असल्यास ही अनिश्चितता एका वाक्याने दूर होऊ शकते.

२. वारंवारता व वाहिन्या :

नागरी विमानांचा आवाजी संपर्क ११८.००० ते १३६.९७५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात परमप्रसर-विरूपण म्हणजेच एएम पद्धतीने चालतो. बाजारात मिळणारे सामान्य वॉकीटॉकी संच एफएम पद्धतीचे असल्याने ते येथे निरुपयोगी ठरतात. दोन वाहिन्यांमधील अंतर २५ किलोहर्ट्झ धरल्यास या पट्ट्यात ७६० वाहिन्या बसतात आणि अमेरिकेत लहान विमानांना तेवढ्या पुरतात. युरोपमध्ये मात्र वाहतुकीच्या दाटीमुळे हे अंतर ८.३३ किलोहर्ट्झपर्यंत कमी करण्यात आले. युरोपीय संघाच्या २०१२ च्या नियमानुसार १ जानेवारी २०१८ पासून तेथील बहुतांश विमानांना असे संच आवश्यक झाले. म्हणून संच कोणत्या प्रदेशात वापरावयाचा, हा निवडीतील पहिला प्रश्न होय.

१२१.५ मेगाहर्ट्झ ही आपत्कालीन वारंवारता एकच कळ दाबून मिळणे हेही महत्त्वाचे आहे. तणावाच्या क्षणी सूचीत शोधाशोध करणे कोणासही अवघड जाते.

३. प्रक्षेपणशक्तीचा योग्य अर्थ :

हातातील संचाच्या वेष्टनावर ५ किंवा ६ वॅट असा आकडा असतो. तो शिखर शक्तीचा आकडा असतो. एएम पद्धतीत पूर्ण विरूपण झाले असता शिखर शक्ती ही वाहक लहरीच्या शक्तीच्या चौपट असते. त्यामुळे ६ वॅटच्या संचाची वाहक शक्ती साधारण दीड वॅट भरते. विमानात बसविलेल्या संचाची वाहक शक्ती सामान्यतः १० वॅटच्या आसपास असते. दोन संचांची तुलना करताना समान मापाचे आकडे घेतले पाहिजेत, हे यावरून स्पष्ट होईल.

ही तफावत दिसते तेवढी गंभीर नाही. मोकळ्या अवकाशात संपर्काचे अंतर शक्तीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलते. शक्ती जवळपास सातपटीने घटली तरी अंतर सुमारे अडीचपटीनेच घटते. शिवाय या लहरी दृष्टिरेषेत प्रवास करीत असल्याने क्षितिज हीच त्यांची मुख्य मर्यादा असते. विमानाची उंची फुटांत घेऊन तिच्या वर्गमूळास १.२३ ने गुणल्यास हे अंतर सागरी मैलांत मिळते. ३,००० फुटांवर ते सुमारे ६७ सागरी मैल म्हणजे १२५ किलोमीटर येते. अर्ध्या वॅटच्या फरकासाठी अधिक किंमत मोजण्यापेक्षा पुढील घटकाकडे लक्ष देणे अधिक हिताचे आहे.

४. अँटेना :

१२७ मेगाहर्ट्झच्या लहरीचा चतुर्थांश सुमारे ५९ सेंटिमीटर असतो. हातातील संचावरील रबरी अँटेना त्याहून बरीच आखूड असल्याने तिची कार्यक्षमता मुळातच कमी असते. त्यात वैमानिक धातूच्या पेटीसारख्या कक्षात बसलेला असतो. लहरी केवळ काचांमधून बाहेर पडतात आणि विमानाचे तोंड ज्या दिशेला असेल त्याप्रमाणे संपर्क कधी मिळतो, तर कधी तुटतो.

यावर सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे विमानाच्या बाहेरील अँटेनाशी संच जोडणे होय. त्यासाठी संचाला बीएनसी प्रकारची जोडणी असावी किंवा तिचे रूपांतरण करणारा जोडभाग सोबत असावा. स्वतःच्या मालकीच्या विमानात अधिकृत तंत्रज्ञाकडून अशी जोडणी करून घेता येते. भाड्याच्या विमानात ते शक्य नसल्यास खिडकीजवळ उभी धरता येईल अशी वेगळी अँटेना हा मध्यममार्ग ठरतो.

५. ऐकणे व बोलणे :

लहान विमानाच्या कक्षातील गोंगाटात संचाच्या ध्वनिक्षेपकातून येणारे शब्द समजणे कठीण असते. त्यामुळे नेहमीचा हेडसेट संचाला जोडता येणे ही सोय नसून आवश्यकता आहे. हेडसेटच्या दोन वेगवेगळ्या जाडीच्या पिना बहुतेक हातसंचांत थेट बसत नाहीत. त्यासाठी ॲडॉप्टर लागतो. स्पोर्टीज या संस्थेच्या पीजे२ सारख्या संचात या पिना थेट बसतात. ॲडॉप्टरचा संच निवडल्यास तो ॲडॉप्टर कायम जोडलेला ठेवावा. बॅगेच्या तळाशी राहिलेला ॲडॉप्टर ऐनवेळी असून नसल्यासारखाच असतो.

६. बॅटरी :

लिथियम-आयन बॅटरी हलकी असते व साठविलेली वीज दीर्घकाळ टिकविते. तथापि महिनोन्महिने न वापरलेला संच हातात घेतल्यावर ती भरलेली असेलच, याची खात्री देता येत नाही. म्हणून बाजारात सहज मिळणारे एए आकाराचे अल्कलाइन सेल ज्यात घालता येतात, अशी पर्यायी पेटी असलेला संच अधिक विश्वासार्ह ठरतो. प्रक्षेपणाच्या वेळी वीज अनेकपट खर्च होते. त्यामुळे थोडक्यात बोलणे हाही बॅटरी वाचविण्याचाच एक मार्ग आहे.

७. अतिरिक्त सुविधा :

आयकॉमचा आयसी-ए२५एन किंवा येसूचा एफटीए-७५०एल अशा संचांत दिशादर्शनाची सोयही आहे. सुविधा आकर्षक असली तरी आज अनेक वैमानिकांजवळ स्वतंत्र बॅटरीचे टॅबलेट व जीपीएस असतात. दिशादर्शनासाठी पर्याय उपलब्ध असताना संपर्कासाठी तो नसतो. सुविधा वाढल्या की कळा व सूचीही वाढतात. वर्षातून एखाद्या वेळी, तेही संकटात वापरावयाच्या साधनाचा साधेपणा हाच गुण मानला पाहिजे.

८. कायदेशीर बाजू :

अमेरिकेत १९९६ नंतर देशांतर्गत उडणाऱ्या खाजगी विमानांतील रेडिओसाठी स्वतंत्र परवाना घ्यावा लागत नाही. मात्र तोच संच जमिनीवरून वापरण्यास ही सवलत लागू नाही. भारतातील स्थिती वेगळी आहे. येथे वैमानिकाला रेडिओ संभाषणाचा परवाना लागतो आणि बिनतारी संचासाठी शासनाच्या परवानगीचा प्रश्न येतो. महाराष्ट्रातील जे विद्यार्थी वैमानिक प्रशिक्षणासाठी अमेरिकेस जातात, त्यांनी तेथे घेतलेला संच मायदेशी आणण्यापूर्वी हा भेद ध्यानात घ्यावा.

निष्कर्ष :

१) पर्यायी साधनाचे मूल्य त्याच्या स्वातंत्र्यात असते. ज्या कारणाने मूळ साधन बंद पडते, त्याच कारणाने बंद पडणारे दुसरे साधन पर्याय ठरत नाही. दोन बसविलेले संच व एक अल्टरनेटर ही रचना याचे उदाहरण आहे.

२) निवड करताना प्रदेशानुरूप वाहिन्या, बाह्य अँटेनाची जोडणी, हेडसेटची जोडणी आणि अल्कलाइन सेलची सोय यांना प्राधान्य द्यावे. शिखर शक्ती व दिशादर्शन यांचा विचार त्यानंतर करावा.

३) संच विकत घेतल्याने तयारी पूर्ण होत नाही. तो बसल्या जागेवरून, पट्टा न सोडता हाती लागला पाहिजे. नेहमीच्या वारंवारता त्यात साठविलेल्या असाव्यात. महिन्यातून एकदा बॅटरी तपासावी आणि इंजिन चालू असताना हेडसेट लावून प्रत्यक्ष संपर्काची चाचणी घ्यावी.

४) संच हाती असला तरी विमान सांभाळणे हे प्रथम कर्तव्य, दिशा राखणे हे दुसरे आणि बोलणे हे तिसरे, हा उड्डाणविद्येतील क्रम बदलत नाही. चांगला निवडलेला व आधी तपासलेला संच तिसऱ्या कर्तव्यात कमी वेळ घेतो. तो वेळ पहिल्या दोहोंसाठी उपलब्ध होतो. हातातील संचाची खरी उपयुक्तता या वाचलेल्या वेळात सामावलेली आहे.