अल्लाउद्दिनाची गोष्ट कोणीं सांगितली?

पूर्वीं सुशिक्षित घरांतून रात्रीचीं जेवणें आटोपलीं म्हणजे मुलें माजघरांत गोळा होत, आणि कोणी तरी वडील माणूस कंदिलाच्या उजेडांत ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ वाचून दाखवी. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं इंग्रजीवरून आरंभिलेलें आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनीं पुढें चालविलेलें हें भाषांतर मराठी गद्याचें एक भूषणच होय. त्या वयांत आमची शंका एकच असे, ती म्हणजे असा दिवा आपल्याला कोठें मिळेल! पुढें इतिहासाचे विद्यार्थी झाल्यावर मात्र निराळेच प्रश्न सुचूं लागले. अशा चिकित्सेनें अद्भुताची गोडी जाते, असें कित्येकांचें म्हणणें आहे. आमचा अनुभव अगदीं उलट आहे.

खलिफा हारून अल् रशीद हा कल्पित पुरुष नव्हे. त्यानें इ. स. ७८६ पासून ८०९ पर्यंत राज्य केलें, व त्याची बगदाद नगरी त्याच्या आजानें, म्हणजे मन्सूरनें, ७६२ मध्यें वसविली होती. वेषांतर करून रात्रीं हिंडणाऱ्या खलिफाच्या सोबतीला गोष्टींत जो वजीर जाफर असतो, तोही खरा. त्याच्या बरमक घराण्याचे पूर्वज बल्ख येथील नवविहार या बौद्ध मठाचे अधिपति होते, आणि ‘बरमक’ हा शब्द संस्कृत ‘प्रमुख’ याचाच अपभ्रंश होय, असें विद्वान मानतात. या जाफरचा हारूननेंच ८०३ मध्यें शिरच्छेद करविला. लोकांनीं मात्र ही जोडी कथेंत अखंड हिंडती ठेविली. राजानें जें मोडलें तें कथेकऱ्यांनीं जोडलें!

हा ग्रंथ कोणा एकाचा नव्हे. दहाव्या शतकांतील बगदादचा ग्रंथसूचिकार इब्न अल् नदीम याचें मूळ ‘हजार अफसान’ या फारसी संग्रहांत असल्याचें सांगतो. गोष्टींत गोष्ट गुंफण्याची तऱ्हा तर पंचतंत्र वाचलेल्या आपल्या मुलांना घरचीच वाटेल. पर्शिया, इराक, सीरिया व इजिप्त या देशांतील कित्येक पिढ्यांनीं या संग्रहांत भर घातली.

युरोपांत या गोष्टी प्रथम नेल्या त्या आंत्वान गालां या फ्रेंच पंडितानें. १७०४ पासून १७१७ पर्यंत त्यानें बारा खंड प्रसिद्ध केले. परंतु सीरियांतून आलेल्या त्याच्या हस्तलिखितांत तीनशे रात्रीही भरत नव्हत्या, आणि त्यांत अल्लाउद्दीनही नव्हता व अलिबाबाही नव्हता! मग ज्या गोष्टी आपण या ग्रंथाचा आत्मा समजतों, त्या आल्या कोठून?

१७०९ मध्यें पॅरिस येथें गालांची हलब शहरच्या एका तरुणाशीं गांठ पडली. त्याचें नांव हन्ना दियाब. हा मॅरोनाइट ख्रिस्ती तरुण पॉल लुका नामक फ्रेंच प्रवाशाबरोबर दुभाषा म्हणून आला होता. त्यानें गालांला सुमारें सोळा गोष्टी सांगितल्या व त्यांतील बऱ्याच शेवटच्या खंडांत छापल्या गेल्या. अल्लाउद्दीन व अलिबाबा त्यांतलेच. गालांनें आपल्या रोजनिशींत हन्नाचें नांव टिपून ठेविलें, परंतु छापील ग्रंथांत त्याचा निर्देशही केला नाहीं. हन्ना स्वदेशीं परतला व कापडाच्या धंद्यांत पडला.

उतारवयांत, १७६४ च्या सुमारास, त्यानें आपला प्रवासवृत्तान्त अरबींत लिहिला. त्याचीं पहिलीं पानें गहाळ झाल्यामुळें लेखक कोण हें कळत नव्हतें. व्हॅटिकनच्या ग्रंथालयांतील ही पोथी त्याचीच, अशी ओळख अखेर १९९३ मध्यें पटली. तींत एक प्रसंग आहे. प्रवासाच्या आरंभीं सीरियांत एका जुन्या थडग्याच्या विवरांत एका धनगराला उतरविलें, तेव्हां आंत एक अंगठी व एक दिवा सांपडला. अल्लाउद्दिनाच्या गोष्टीचें बीज येथेंच पडलें असें निश्चयानें म्हणतां येत नाहीं; तथापि अंगठी व दिवा हीं दोन्ही एकत्र पाहून आमच्या अंगावर रोमांच उभे राहिले. फ्रेंच राजाचा व्हर्सायचा वाडाही हन्नानें पाहिला होता, आणि अल्लाउद्दिनाच्या महालांत त्याची झांक उतरली असावी, असा कित्येक अभ्यासकांचा तर्क आहे.

हें वाचून आम्हांस गालांचा राग आला खरा. पण तो फार वेळ टिकला नाहीं. विद्यार्थिदशेंत आम्हीं घरच्या आत्याबाईंकडून सतरा गोष्टी उतरवून घेतल्या होत्या. त्या बालविधवा, फारशा शिकलेल्या नव्हत्या. दुपारीं निवडटिपण करतां करतां त्या सांगत व आम्हीं लिहीत असूं. ती वही अद्यापि आमच्या फडताळांत आहे. मुद्दाम काढून पाहिली, तों वरच्या पानावर वळणदार अक्षरांत नांव आहे तें आमचें! आत्याबाईंचें नांव आंत कोठेंही नाहीं.

त्यांना जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. परवां आम्हीं त्या पानावर त्यांचें नांव घातलें, आणि आपलें खालीं, ‘लेखनिक’ म्हणून. वाचकांच्या घरांतही अशी एखादी वही असेल, आणि नसली तरी सांगणारें कोणी तरी वडील माणूस खास असेल. मुलांनीं त्यांच्याकडून गोष्ट अवश्य उतरून घ्यावी. मात्र कोणीं सांगितली तें आधीं लिहावें, आणि मग गोष्टीस आरंभ करावा.